'ताई, गोल फिरतंय!' : छोटी व्हिडिओ साइट चालवायची तर

"ताई, गोल फिरतंय."

गेल्या पाच-सहा वर्षांत मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच. मुलुंडच्या काकू वर्गणी भरून, जेवणं आटोपून नाटक लावून बसतात, टीव्हीवर ते पांढरं चक्र फिरायला लागतं आणि फोन मला येतो, कारण साइटच्या तळाशी नंबर माझा आहे. तो काढून तिथे चॅटची खिडकी टाकू, असं भाचा कधीपासून म्हणतोय. मी काढलेला नाही. का, ते पुढे येईल.

मी गोरेगावला राहते. त्याआधी अंधेरीत एका वाहिनीत बारा वर्षं एडिटिंग केलं. २०२० मध्ये नाट्यगृहांना कुलपं लागली तेव्हा माझ्याकडे ओळखीच्या संस्थांच्या तीस-चाळीस एकांकिकांची चित्रीकरणं पडून होती. ती दाखवायला सुरुवात केली, आणि आज साठेक नाटकं-एकांकिका आणि हजार-अकराशे वर्गणीदार असा आमचा संसार आहे. कोड भाचा बघतो, बाकीचं सगळं मी. "आमच्या संस्थेचंही असं काहीतरी करायचंय, कसं करू?" असं विचारणारे दर महिन्याला भेटतात. कोणी कीर्तनं घेऊन येतं, कोणी मैफली. त्या सगळ्यांना मी जे तोंडी सांगते ते एकदा लिहून टाकते.

पहिलं म्हणजे, फुकट दाखवायचं असेल तर साइट काढूच नका. यूट्यूबवर टाका आणि झोपा. पाठवण्याचा खर्च ते सोसतात, टीव्हीवर चालवण्याची कटकट ते निस्तरतात. स्वतःची साइट तेव्हाच काढा, जेव्हा प्रेक्षकाकडून थेट पैसे घ्यायचे आहेत, किंवा लेखकाने "मोकळ्यावर टाकू नका" या अटीवर परवानगी दिली आहे. आमच्याकडे दोन्ही कारणं होती. आणि ॲप? तिसऱ्या वर्षी. आधी फोनच्या ब्राउझरमध्ये नीट चाललं पाहिजे.

कॅमेऱ्याआधी कागद

नाटकाचं चित्रीकरण तुमच्याकडे आहे म्हणजे नाटक तुमचं झालं, हा गैरसमज आधी काढा. लेखकाचा हक्क वेगळा, निर्मात्याशी झालेला करार वेगळा, नटांचे सादरकर्ते म्हणून हक्क वेगळे, गाणं लिहिणारा-चाल लावणारा वेगळा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे नाटककार गेले तरी कोणाला तरी विचारावंच लागतं.

हक्क लेखी द्यावा लागतो, सहीनिशी. व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालत नाही. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो, आणि आपले निम्मे प्रेक्षक न्यू जर्सीत! तेव्हा "संपूर्ण जग" हे दोन शब्द विसरू नका. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने एक वाक्य आलं : करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा हक्क वेगळा नमूद केल्याशिवाय दिला गेला असं मानायचं नाही. निर्माते १९९४ चा पिवळा पडलेला कागद काढून "यात सर्व हक्क लिहिलंय" असं दाखवतात. जुन्या कागदाला ही दुरुस्ती किती लागू होते यावर वकिलांनी खुशाल भांडावं. मी सरळ नवी सही घेते.

तीही पुरी घ्यायची. गिरगावातल्या एका चाळीत मी एका दिवंगत नाटककारांच्या मोठ्या मुलीकडे गेले होते. बाईंनी पोहे केले, ट्रंकेतून हस्तलिखित काढून दाखवलं, डोळ्यांत पाणी आणून सही केली. नाटक साइटवर चढलं. चौथ्या दिवशी नाशिकहून धाकट्या भावाचा फोन : "मला कोणी विचारलं?" चूक माझी होती. वारस किती आहेत हे मी विचारलंच नव्हतं. नाटक उतरवलं, वर्गणीदारांना कळवलं, तीन भावंडांच्या सह्या गोळा व्हायला सात महिने लागले. आता माझ्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न वारसांचा असतो आणि पोहे सहीनंतर.

संगीताचं तर बोलायलाच नको. एकांकिकेत ब्लॅकआउटला कुठल्याशा इंग्रजी सिनेमाचं पार्श्वसंगीत लावायची आपल्याकडे जुनी खोड आहे. स्पर्धेच्या रात्री परीक्षकांनाही ते आवडतं. ऑनलाइन तेच अंगाशी येतं, कारण रचनेचा हक्क एकाकडे आणि ध्वनिमुद्रणाचा दुसऱ्याकडे असतो, आणि दोघांनाही परदेशात शोधायला आपल्याकडे वेळ नसतो. मी असे तुकडे काढून तिथे नवे बसवते. डोंबिवलीचा एक हार्मोनियमवाला मुलगा तुकड्याचे पैसे ठरवून करून देतो. हा बदल दिग्दर्शकाला आधी ऐकवायचा, नाहीतर तो रुसतो.

तिसऱ्या घंटेआधी

चित्रीकरणाबद्दल फार सांगत नाही, ते शिकवणारे पुष्कळ आहेत. एवढंच की आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर एकपन्नासांश ठेवा. ३० फ्रेमवर ठेवलेल्या कॅमेऱ्यात नाट्यगृहाचे दिवे लपलपताना दिसले तर ते नंतर काढणं फार अवघड जातं. एलईडी दिवे असतील तर तालमीच्या वेळी मंद करून बघा, मंद झाल्यावर ते बऱ्याचदा लपलपतात.

आवाजावर मात्र थांबते. "चित्र जरा धूसर आहे" असा फोन मला आठवत नाही. "ऐकू येत नाही" असे आठवड्याला दोन येतात. नवखे लोक नाट्यगृहाच्या मिक्सरमधून एक वायर घेतात आणि निश्चिंत होतात. पण मिक्सरमध्ये येतं ते फक्त माइकांनी पकडलेलं. छोट्या नाट्यगृहात खणखणीत आवाजाच्या नटाला साउंडवाला जवळजवळ बंदच ठेवतो, कारण तो तसाच शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. तुमच्या वायरीत तो नट मुकाच. म्हणून मिक्सरची एक वायर, रंगमंचाच्या कडेला आपले दोन माइक, आणि प्रेक्षागृहात हशा-टाळ्यांसाठी आणखी दोन. हशा नसलेलं विनोदी नाटक घरी बघणं म्हणजे सुतकी घर. सगळं ४८ किलोहर्ट्झवर. रेकॉर्डर आणि कॅमेरा यांची घड्याळं दोन तासांत थोडी थोडी सरकतात, तेव्हा पहिल्या अंकाआधी आणि मध्यंतरानंतर दोन्हीकडे ऐकू जाईल अशी एक टाळी वाजवून घ्या. मी रेकॉर्डिंग तिसऱ्या घंटेच्या बरंच आधी सुरू करते आणि ती घंटा साइटवरच्या नाटकातही ठेवते. लोकांना आवडते. आणि ती वाजल्यावर लगेच फोन आला की समजायचं, ऐकू येत नाही.

शेवटची परीक्षा स्वयंपाकघरात : आठ हजारांचा फोन, पंखा पाचवर, कुकरच्या शिट्ट्या. तरी संवाद कळले तर पास.

माणसं मोजण्याआधी जीबी मोजा

ज्यावर साइट तगते किंवा बुडते ते हे गणित. पाठ करा : सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने तासभर व्हिडिओ पाठवला की ४५० एमबी जातात. बाकी सगळं गुणाकार.

पहिल्या वर्षी मी हा गुणाकार केला नव्हता. वाहिनीतून आल्यामुळे माझ्या डोक्यात 'क्वालिटी'. दोन तासांचं नाटक मी ८ मेगाबिटवर ठेवलं, एकच आकार, सगळ्यांना तोच. म्हणजे माणशी ७.२ जीबी. एका रविवारी १८० जणांनी बघितलं : जवळपास १३०० जीबी. तेव्हा मला जीबीमागे सात रुपये पडत होते. एका रात्रीचं बिल नऊ हजारांच्या वर, आणि ९९ रुपयांप्रमाणे जमलेले सतरा हजार आठशे. त्यातून लेखक, संस्था, ऑनलाइन पैसे घेणारा पेमेंट गेटवे, आणि उरलंच तर भाचा. शिवाय निम्म्या लोकांच्या घरी ८ मेगाबिट सलग येतच नव्हते, म्हणजे एवढे पैसे घालवून गोल फिरतंय ते फिरतंयच.

उपाय जुना आणि फुकट आहे. एफएफएमपेग नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, आणि एकाच नाटकाच्या चार-पाच आवृत्त्या करा. आमची शिडी अशी : २४० पी ला २५० किलोबिट, ३६० ला ५००, ४८० ला ९००, ७२० ला १८००, आणि टीव्हीवाल्यांसाठी १०८० ला ३५००. मग प्रत्येक आवृत्तीचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे. या पद्धतीला एचएलएस म्हणतात, ॲपलने ती २००९ मध्ये आणली आणि आज बहुतेक सगळीकडे चालते. प्रेक्षकाचा प्लेअर दर तुकड्याला बघतो, नेट किती आहे, आणि झेपेल ती पायरी उचलतो. नेट खालावलं तर चित्र जरा धूसर होतं, पण थांबत नाही.

इथे एक खाच आहे, जिच्यात मी पडले. पायरी बदलायची तर प्रत्येक तुकडा पूर्ण चित्राने सुरू झाला पाहिजे, आणि सगळ्या आवृत्त्यांत त्याच क्षणी. २५ फ्रेमला दर ५० फ्रेमनी, म्हणजे दर दोन सेकंदांनी, सक्तीने की-फ्रेम, म्हणजे असं पूर्ण चित्र, टाकायला सांगा. सॉफ्टवेअरच्या मर्जीवर सोडलंत तर ते दृश्य बदलेल तिथे टाकतं, आवृत्त्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि पायरी बदलताना नट अर्धा सेकंद मागे उडी मारतो. एका गंभीर नाटकात बाप मरताना दोनदा मेला.

नाटकाची दुसरी खास अडचण म्हणजे अंधार. मागे काळा पडदा, वरून एकच दिवा : नाट्यगृहात सुंदर, फोनवर काळ्या जागी चौकोन चौकोन रांगताना दिसतात. कमी बिटांत सॉफ्टवेअर आधी अंधारच कापतं, तिथे कोण बघतंय म्हणून. एक्स२६४ या एन्कोडरमध्ये (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ॲडॅप्टिव्ह क्वांटायझेशनचा ३ क्रमांकाचा मोड आहे, तो अंधाऱ्या भागाला जास्त बिट देतो. आम्ही तो लावतो आणि वर अगदी बारीक दाणा मिसळतो. चौकोन पुरते जात नाहीत, पण काकूंना दिसेनासे होतात.

आता तीच दोन तासांची गोष्ट १८०० किलोबिटला माणशी १.६ जीबीत बसते, आणि फोनवर बघणारे तर त्याहून कितीतरी कमीत. एच.२६५ किंवा एव्ही१ या व्हिडिओ दाबायच्या नव्या पद्धतींनी आणखी वाचतील, हे खरं. पण आमच्या प्रेक्षकांतले कित्येक टीव्ही मुलाने अमेरिकेतून येताना आणलेले किंवा दिवाळीच्या सेलमधले जुने आहेत. जुनं एच.२६४ सगळ्यांना कळतं, मी तिथेच आहे.

तुकडे कुठून जातात

सर्व्हर घरी ठेवू नका. पहिल्या पावसाळ्यात वीज जाते तेव्हा कळतं. स्वस्त म्हणून अमेरिकेतला घेऊ नका, मी घेतला होता. दर तुकड्यासाठी निरोप समुद्र ओलांडून जाणार-येणार, आणि तो समुद्राखालच्या केबलने कुठे येतो, तर वर्सोव्याला, माझ्या घरापासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर. तिथून परत मुलुंडला. मूळ फाइली मुंबईतल्याच डेटा सेंटरमध्ये ठेवा आणि पुढे सीडीएन लावा, म्हणजे तुकड्यांच्या प्रती प्रेक्षकाच्या जवळ ठेवणारी सेवा. निवडताना तीन गोष्टी विचारा : भारतातला जीबीचा दर (तो अमेरिकेच्या दरापेक्षा बऱ्याचदा जास्त असतो), साध्या प्लॅनमध्ये व्हिडिओ चालतो का, आणि खर्चाला मर्यादा घालता येते का. मर्यादेचं बटण नसेल तर निदान इशारा लावा. माझ्या फोनला महिन्याच्या अंदाजाच्या ७० टक्क्यांवर मेसेज येतो.

तरीही गोल फिरतंच. म्हणून तो फोन नंबर.

गेल्या वर्षी लागोपाठ तीन रविवारी पावणेनऊच्या सुमारास फोन येत होते. आमच्या आलेखांत सगळं हिरवं. भाचा म्हणाला, त्यांचं वायफाय असेल. मी चौघांना एकच विचारलं : "नेट कोणाचं आहे?" चौघंही मुलुंड पूर्वेच्या तीन-चार गल्ल्यांतले, एकाच केबलवाल्याचं नेट. रविवारी रात्री सगळी सोसायटी काही ना काही बघत असते आणि त्याची बाहेर जाणारी वाट भरून जाते. आमचा प्लेअर सुरुवातच ७२० पासून करायचा, पहिले दोन तुकडे अडकायचे आणि काकू टीव्ही बंद करून मला फोन करायच्या. आम्ही सुरुवात ३६० वर आणली, अर्ध्या मिनिटात तो आपोआप वर चढतो. त्या गल्ल्यांतले फोन थांबले. चॅटच्या खिडकीत काकूंनी 'नॉट वर्किंग' एवढं लिहिलं असतं, केबलवाल्याचं नाव काही निघालं नसतं.

पडद्यावरची मराठी

मराठी नाटकाला खाली संवादांची मराठी अक्षरं, म्हणजे सबटायटल्स, कशाला, असं मीही म्हणायचे. ऐकू कमी येणारे आजी-आजोबा हे आमचे सगळ्यात निष्ठावान वर्गणीदार आहेत, हे नंतर कळलं. संहिता बहुतेक वेळा जुन्या श्रीलिपीच्या फाइलीत मिळते, युनिकोड नसतं. तशीच उघडली की नुसती टिंबं आणि डॉलरची चिन्हं. आधी रूपांतर करा, मग एकदा डोळ्यांनी वाचा, कारण रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकीच्या जागी बसतात. मग वेळा जुळवून वेबव्हीटीटी फाइल, म्हणजे कोणतं वाक्य कधी दाखवायचं ते प्लेअरला सांगणारी.

फोनवर हे मस्त चालतं. काही टीव्हींवर जोडाक्षरं फुटतात, 'स्त्री'चे तीन तुकडे होऊन रांगेत उभे राहतात. त्यावर मला सापडलेला एकच उपाय : अक्षरं चित्रातच छापलेली एक वेगळी आवृत्ती. जागा जास्त लागते, पण आजी खूश.

'थेट' करू नका

निदान पहिली दोन वर्षं. मी एकदाच केलं, दादरच्या एका प्रयोगाला. कॅमेरे उत्तम, आवाज उत्तम, पाठवायला माझ्या फोनचं फोर-जी. पहिला अंक छान गेला. मध्यंतर झालं आणि सात-आठशे माणसांनी एकदम खिशातून फोन काढले : कोणी घरी फोन, कोणी स्टेटस. त्या परिसरातला टॉवर गच्च झाला आणि आमचं प्रसारण बसलं. नाट्यगृहात बटाटेवड्याचा वास, आणि मी लाइटरूमच्या खिडकीतून हात बाहेर काढून फोन आभाळाला दाखवतेय. ऑनलाइनच्या दोनशे जणांना दुसरा अंक दुसऱ्या दिवशी दिला आणि पैसेही परत केले.

करायचंच असेल तर नाट्यगृहाची तारेची जोडणी प्रयोगाच्या वेळेलाच तपासा, सकाळी नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा, आणि कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग कधीही बंद करू नका. आम्ही आता दुपारचा प्रयोग टिपतो आणि दोन आठवड्यांनी ठरलेल्या वेळी सगळ्यांना एकदम दाखवतो. वेळ रविवार रात्री साडेआठ : उन्हाळ्यात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे अकरा आणि लंडनला दुपारचे चार असतात. गप्पांची पट्टी बाजूला, नाटकानंतर दिग्दर्शक पंधरा मिनिटं. थेट नाही म्हणून तक्रार केलेलं कोणी भेटलं नाही.

पैसे, चोर आणि सरकार

मासिक वर्गणीच्या नादी लागू नका. आपोआप पैसे कापायचे तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. सूचना चांगलीच आहे, पण दर महिन्याला ती बघून "अरे, हे चालू आहे होय!" म्हणत चारजण बंद करतात. वर खात्यात पैसे नाहीत, कार्ड बदललं, हे आहेच. आम्ही वर्षाची वर्गणी पुढे केली, यूपीआयने एकदाच. दिवाळीच्या आसपास आणि ५ नोव्हेंबरला, म्हणजे रंगभूमी दिनाला, सगळ्यात जास्त येते. कोणी परतावा मागितला तर वाद न घालता द्या, शंभर रुपयांसाठी अर्धा तास फोनवर घालवणं परवडत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या जवळ जायला लागली की जीएसटीसाठी सीएकडे जा, त्याच्या आधी गेलात तरी तो काही चावत नाही.

चोरी होणारच. आमची पहिली गाजलेली एकांकिका दोन दिवसांत एका टेलिग्राम गटावर होती. भाचा डीआरएम लावायला निघाला, म्हणजे कुलूपबंद व्हिडिओ : अँड्रॉइडला वाइडवाइन, ॲपलला फेअरप्ले. खर्च वेगळा, आणि जुन्या टीव्हीवर पैसे भरलेल्याच माणसाला काळा पडदा. मी नको म्हटलं. त्याऐवजी दुवे काही तासांत मरणारे केले, एका खात्यावर एका वेळी दोनच पडदे, आणि चित्रावर मधूनमधून वर्गणीदाराच्या नंबरचे शेवटचे चार आकडे पुसट उमटतात, जागा बदलत. या पुसट आकड्यांचा जेवढा उपयोग झाला तेवढा कशाचाच नाही. त्या टेलिग्राम गटाच्या ॲडमिनला मी सरळ निरोप धाडला. "ताई, तुमची साइट आहे हे माहीतच नव्हतं," म्हणाला आणि लगेच काढून टाकलं. वर्गणी मात्र अजून भरलेली नाही.

सरकारी बाजू. २०२१ च्या आयटी नियमांत ऑनलाइन दाखवणाऱ्यांसाठी वयोगटांची चौकट आहे : यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र रंगमंचावरच्या प्रयोगाचं, ते इथे पुरत नाही. वर्गीकरण आपणच करून प्रत्येक नाटकावर लिहायचं, १३+ पासून वर पालकांना कुलूप लावायची सोय द्यायची, आणि तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव-संपर्क साइटवर द्यायचा. तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल १५ दिवसांत. या नियमांवर कोर्टात वाद झाले आहेत, पण त्यांचा निकाल लागेपर्यंत चौकट पाळून घेणं मला सोपं वाटतं. तक्रार अधिकारी अर्थात मीच. आजवर आलेली सगळ्यात गंभीर तक्रार : "नाटकात सिगारेट आहे आणि माझा नवरा सोडायच्या प्रयत्नात आहे."

सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस ठेवा आणि घुसखोरी झाली तर ६ तासांत कळवा, असा सर्ट-इनचा, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, २०२२ चा आदेश आहे. नोंदी ठेवायची सोय पहिल्याच दिवशी करा, नंतर जुन्या नोंदी कुठून आणणार?

तीन प्रती

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी तेव्हा एका तळमजल्यावरच्या स्टुडिओत नवशिकी होते. तिसऱ्या दिवशी शटर उघडलं तर मिनीडीव्हीच्या टेपा चिखलात चिंचोक्यांसारख्या पसरलेल्या. त्यांत कोणाची तरी लग्नं होती, आणि एका संस्थेच्या राज्य नाट्य स्पर्धेतल्या पाच वर्षांच्या नोंदी. पुसून, वाळवून आठ टेपा वाचल्या.

म्हणून मूळ फाइली. तीन कॅमेरे, ५० मेगाबिट, अडीच तास : एका नाटकाचे साधारण १७० जीबी. साइटवरच्या शिडीतून मूळ परत मिळत नाही, तेव्हा ते जपायलाच हवं. माझी एक प्रत मुंबईतल्या डेटा सेंटरच्या स्वस्त, सावकाश उघडणाऱ्या साठ्यात. दुसरी घरातल्या डिस्कवर : लॅमिंग्टन रोडवरून घेतलेली, पक्कं बिल आणि वॉरंटीचा शिक्का तिथेच तपासून. घरातल्या डिस्का हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, माळ्यावर. पुड्या मे महिन्यात बदलायच्या.

तिसरी प्रत बहिणीकडे पुण्याला. भाऊबीजेला जाते तेव्हा तिच्या कपाटातून त्या डिस्का काढते, लॅपटॉपला लावते आणि प्रत्येकीतलं एक नाटक मधूनच कुठून तरी पाच मिनिटं चालवते. मागच्या भाऊबीजेला एक डिस्क उघडलीच नाही, नुसती टकटक वाजत राहिली. बहीण म्हणाली, "परत लावून बघ." लावली. टकटक. गोरेगावला फोन केला, भाच्याने माळ्यावर चढून तीच नाटकं असलेली डिस्क शोधली, आणि नवी प्रत करायला घेतली. रात्रभर लागली.